मासेबंदीतला अभ्यासक्रम

स्वतःचा अभ्यास कसा आखावा यावर सल्ले देणारी माणसं हमखास पहाटे पाचला उठलेली असतात. त्या वेळी म्हणे घर शांत असतं. रत्नागिरीत आमच्या आळीत पहाटे पाचला नळाला पाणी येतं. पाणी भरून झालं की डबे, डब्यांमागून रिक्षावाले काका, आणि काकांची रिक्षा वळते न वळते तोच मिरकरवाड्याहून टोपली घेऊन आलेली मावशी दारात हजर. बांगडे ताजे असले की घेतलेच पाहिजेत, घेतले की साफ केलेच पाहिजेत, आणि हाताला मासळीचा वास असताना वहीला हात लावू नये एवढं मला कळतं.

तरीही मोडी शिकायचीच, असं ठरवलं. कारण माळ्यावरची पत्र्याची पेटी. तिच्यात आजेसासऱ्यांचे कागद आहेत आणि ते घरात कुणालाच वाचता येत नव्हते. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत जी लिपी शाळेत शिकवत, जिच्यात गावचा सारा आणि घरची उधारी लिहिली जायची, ती दोन पिढ्यांत परकी झाली. शासनाचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, पण माझ्या भाकऱ्यांच्या वेळा बघून ते कोण ठेवणार? तेव्हा वाचनालयातून एक पुस्तक आणलं आणि मीच माझी मास्तरीण झाले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "काय गो, आता या वयात तलाठी व्हायचंय की काय?"

आधी वर्ष आखायला घेतलं. एप्रिल-मे बाद. आढीतले आंबे रोज चाळायचे, पिकलेले वेगळे काढायचे, साटं घालायची, आमसुलं वाळवायची, फणसपोळ्या थापायच्या आणि त्यातच मुंबईचे पाहुणे. भाद्रपद बाद, कारण गणपतीला चाकरमानी येतात आणि मोदकांच्या पाऱ्या माझ्या हातून सुटत नाहीत. शिमग्यात पालखी घरी यायची म्हणून सगळं घर धुवून काढायचं. दिवाळी तर विचारूच नका. उरले जून-जुलै आणि थंडीतले थोडे आठवडे.

जून-जुलै मात्र सोन्याचे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी. माशांच्या विणीचे दिवस आणि खवळलेला दर्या ही सरकारी कारणं झाली. बंदीचा खरा लाभार्थी आमच्या स्वयंपाकघरात आहे. किनाऱ्याला पाग टाकणारे थोडंफार आणतात तेवढंच, बाकी सुक्या बोंबलावर भागतं. बाहेर धो धो पाऊस. वाळत घातलेलं आत आणायची धावपळ नाही, कारण बाहेर काही वाळत घालताच येत नाही. लाइट गेली की टीव्हीही गप्प. असं सत्र कुठल्या विद्यापीठात मिळणार नाही.

मग दिवस आखला. सलग अर्धा तास मिळेल ही आशा सोडली आणि तासांऐवजी अक्षरं मोजायला लागले. आज 'क', उद्या 'ख'. मोडीची रीत अशी की आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरं ओवत जायचं. शब्द कुठे संपला हे शोधायचं काम वाचणाऱ्याचं. कुकरच्या शिट्या होईपर्यंत एक ओळ, मुलीच्या क्लासच्या जिन्यात उभ्या उभ्या दुसरी. वाण्याची यादीही मोडीत लिहायला लागले, ती दोन वेळा ह्यांनी निमूटपणे परत आणून दिली.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही हे कळल्यावर सहावीतली आमची कन्या एकदम उठून बसली. "आई, मग मी मराठीचा पेपर मोडीत लिहू?" तोवर तिला माझ्या अभ्यासात काडीचा रस नव्हता. पुढे मी काजूच्या डब्यावर मोडीत 'मेथ्या' असं लिहून ठेवलं. पोरीने वही ढापून अक्षरं जुळवली, डब्यावरचं वाचलं, आणि मेथ्या कशाला लपवून लिहायच्या असा रास्त संशय घेऊन डबा उघडला. वर्गाचा पट दोनावर गेला.

आमच्याच जिल्ह्यातल्या देवरूखच्या पार्वतीबाई आठवले यांचं 'माझी कहाणी' याच दिवसांत हाताशी होतं. जन्म 1870चा, विशीत वैधव्य, पदरात मुलगा. बहीण म्हणजे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी बाया. तिच्यामुळे वाट सापडली आणि पंचविशी उलटल्यावर पार्वतीबाईंनी अभ्यास सुरू केला. पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात शिक्षिका झाल्या, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. इंग्रजी येत नव्हतं, तर 1918 साली, पन्नाशीला टेकलेल्या असताना, सरळ अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामं करून शिकल्या.

त्यांच्याशी बरोबरी करणं हा आगाऊपणा होईल. त्यांना शिकल्यावाचून गत्यंतर नव्हतं, माझं न शिकून काही अडत नाही. पण न अडणारा अभ्यास आखायला जास्त अवघड, हे मी अनुभवाने सांगते. ज्याला फी नाही, परीक्षा नाही, नापास व्हायची भीती नाही, त्याला घरातलं शेंबडं पोरही 'ते जरा बाजूला ठेव ना' म्हणू शकतं. म्हणून वेळापत्रकाच्या डोक्यावरच लिहून टाकलं: आई वहीशी बसली असता भूक, मोजा न सापडणे आणि 'सहजच' ही कारणं चालणार नाहीत, रक्त येत असल्यास हाक मारावी. हे वेळापत्रक मात्र स्वच्छ बाळबोधात आहे, मुद्दाम.

पेटीतला पहिला अख्खा कागद गेल्या जुलैत वाचून झाला. त्यात ना पेशवे, ना पुरलेलं धन. बांधावरच्या एका फणसाची फळं कुणी काढायची, यावरून दोन भावांत झालेला करार. सासूबाईंनी तो पुन्हा पुन्हा वाचून घेतला आणि तो फणस कुठला, त्याचे गरे कसे होते, हे सगळं सांगितलं.

तुमच्याही माळ्यावर अशी पेटी असेल. कागद वाळवीला किंवा रद्दीवाल्याला देऊ नका, माझ्याकडे आणा. फक्त आंब्याच्या दिवसांत नको आणि गणपतीत तर मुळीच नको. जूनमध्ये या, वाचून देईन. जेवायला सुके बोंबील असतील.