एका ‘सा’ला तीन वाटा

चाल सुचते तेव्हा एकटीच येते, आणि तिला त्या एकटेपणाचं काही वाटतही नाही. माझी चाल शिरूरला घोडनदीच्या पुलावर भेटली. भूपाच्या पाच स्वरांतली, ओवीच्या वळणाची. कित्येक वर्षं ती माझ्यासोबत विनातक्रार राहिली. मग भाच्याने टाकून दिलेली गिटार घरात आली आणि चालीखाली कॉर्ड बसवायची हौस मला सुटली.

आमच्या कानांना कॉर्डची सवय नाही, यात कानांचा दोष नाही. पेटी परदेशातून आली खरी, पण मांडी घालून बसलेल्या आमच्या वादकाचा डावा हात भात्यावर गेला; उरलेला उजवा गाणाऱ्याच्या मागे धावतो. चौफुल्याच्या संगीतबारीतही पेटी गळ्याची सावली होऊनच चालते. आजी जात्यावर बसायची तेव्हा तर साथ एकच: घरघर. ओवी वर कुठेही हिंडून येवो, घरघर आपल्या जागी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांचा जन्म याच साथीवरचा. शिवाय दळणही निघायचं. गिटारमधून अजून पीठ पडलेलं नाही.

शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे असेल, पण अशा अवघड कामांसाठी मला दौंड आठवतं. न्हावऱ्यावरून एसटीने गेलो. तिथे एक निवृत्त गार्डकाका संध्याकाळी ओट्यावर गिटार घेऊन बसतात. म्हणाले, “‘सा’ धरा.” मी धरला. त्यांनी खाली सा-ग-प वाजवलं. माझा ‘सा’ पाय पसरून निवांत बसला. मग ध-सा-ग. मी श्वासही बदलला नव्हता, तरी त्याच ‘सा’च्या डोळ्यांत पाणी. मग म-ध-सा, आणि तो उठून गच्चीवर गेला. “जंक्शन आहे हो ते,” काका म्हणाले. “उभं एकाच जागी राहायचं. पुणे, सोलापूर, मनमाड, गाडी लागेल ती.” मी बारामतीची आठवण करून दिली, तर त्यांनी रे-म-ध-सा अशी चार स्वरांची कॉर्ड वाजवून तोही फाटा जोडून दिला. (पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. ते टळावं म्हणून टाकलेल्या जोडमार्गावरच्या स्टेशनाचं नाव आहे दौंड कॉर्ड लाईन. यावर मी काहीही म्हणणार नाही.)

खरी पंचाईत भूपाची. त्यात ‘म’ आणि ‘नी’ वर्ज्य. म्हणजे नेहमीच्या कॉर्डपैकी सा-ग-प आणि ध-सा-ग एवढ्या दोनच पूर्ण सोवळ्यातल्या. तिसरी कुठलीही घ्या, वर्ज्यांपैकी कोणीतरी मागच्या दाराने आत येतोच. गाणारा त्याचं नाव घेत नाही, पण तो खाली बसलेला असतो. सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या संयोजकांनी शंकर-जयकिशनच्या चालींखाली कॉर्डचे थर रचले, आणि ते रेडिओवर ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीने पंगतीत कोण कोण बसलंय याची कधी चौकशी केली नाही.

माझ्या चालीत ‘माहेर’ हा शब्द ‘ध’वर थांबतो. सोवळी ध-सा-ग तिथे बसते, पण रडकी वाटते. काकांनी म-ध-सा लावली. चालीत कधीच नसलेला तो ‘म’ शब्दाखाली येऊन थांबला आणि मला आजीचं जातं ऐकू आलं. ओवीत माहेराचं नाव आलं की तिचा खुंट्यावरचा हात सैल पडायचा, फिरणं मंदावायचं आणि घरघर जराशी खाली उतरायची. आपल्या जागी म्हणून जिला मी एवढा वेळ गृहीत धरलं होतं, ती घरघर.

ती कॉर्ड तेवढी ठेवायची, असं ठरलं. अडचण एवढीच की तिच्यासाठी पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं, आणि माझं बोट खालच्या दोन बारीक तारा सोडूनच देतं. त्यामुळे माहेर जवळ आलं की गिटार खर्र करते. काकांना त्याचं काही नाही. म्हणतात, “गाडी आउटरला उभी आहे समजा. गाणं थांबवू नका.”