मुक्काम पोस्ट चिकोडी

शनिवार-रविवारच्या सहलीला निघणारे लोक सगळी अक्कल 'बघायचं काय' यावर खर्च करतात आणि 'राहायचं कुठं' हे उरलेल्या अकलेवर सोडतात. माझं म्हणणं उलटं आहे. जिथं बघायला फारसं काही नाही अशाच गावात मुक्काम टाकावा, आणि त्या बाबतीत चिकोडीचा हात धरणारं गाव सीमाभागात नाही. चिकोडीकरांनी रागावू नये, ही स्तुतीच आहे. महाबळेश्वरात उतरलेल्या माणसाच्या मानगुटीवर पहाटेपासून पॉइंट बसतात. सूर्योदयाचा चुकला तर सूर्यास्ताचा गाठायचा, तोही ढगात गेला तर स्ट्रॉबेरी खाऊन तिकिटाचे पैसे वसूल करायचे. चिकोडीत सूर्य आपापला उगवतो आणि आपापला मावळतो. पाहुणा आठ वाजेपर्यंत घोरत पडला तरी त्याचं काही बुडत नाही.

हा नुसता आळशाचा युक्तिवाद नव्हे. भूगोल माझ्या बाजूनं आहे. शनिवारी दक्षिणेला बेळगावची बस धरावी. कुंद्याच्या दुकानाकडे वळण्याआधी किल्ल्यातली कमल बस्ती बघून घ्यावी. रट्टांच्या काळात, १२०४ साली बांधलेलं हे जैन मंदिर. छतातून एक दगडी कमळ खाली उमललंय. पाकळ्या ७२, भूत-वर्तमान-भविष्यातल्या प्रत्येकी चोवीस तीर्थंकरांसाठी. त्या मोजताना मान अवघडते, म्हणून कुंदा नंतर. रविवारी गोकाक. तिथं घटप्रभा ५२ मीटर खाली कोसळते आणि शेजारीच सूतगिरणी उभी आहे. १८८७ पासून या पाण्याच्या जोरावर चाती फिरल्या. निसर्गात आल्यावर गिरणी कशाला, असं नाक मुरडणारे असतातच. पण ज्यांना शहर आणि निसर्ग दोन्ही दोन दिवसांत उरकायचे आहेत, त्यांची सोय दरीच्या एकाच काठावर झाली आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही. दरीवरचा झुलता पूल दोनशे मीटरच्या आसपास लांब आहे. तो बंद असला तर साहस हुकलं म्हणून हळहळावं आणि मनातून सुटकेचा श्वास टाकावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो उन्हाळ्याचा. तेव्हा गोकाकला धबधब्याच्या जागी कातळच दिसतो, हे खरं आहे. अशा वेळी उत्तरेला खिद्रापूर गाठावं. कोपेश्वराला पावसाची अट नाही. शिलाहार काळातल्या या देवळाच्या स्वर्गमंडपाला मधोमध गोल मोकळं आकाश ठेवलंय, भोवती ४८ खांब. गंमत अशी की महादेवाच्या या देवळासमोर नंदीच नाही. सती नंदीवर बसून दक्षाच्या यज्ञाला गेली, नंदी तिकडेच राहिला आणि महादेव इकडे कोपून बसले, अशी कथा सांगतात. हा नंदी सापडतो यडूरला, म्हणजे राज्याची सीमा ओलांडून चिकोडी तालुक्यात. देव महाराष्ट्रात आणि वाहन कर्नाटकात, तरी दोघांचं इतकी शतकं बिनबोभाट चाललंय. माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं एवढंच, की प्रेक्षणीय देऊळ सोडून मुक्कामासाठी चिकोडी तालुका निवडणारा मी पहिला नव्हे.

दुसरा आक्षेप भाषेचा. बसच्या पाट्या कन्नड, आपल्याला वाचता येत नाहीत. मग विचारावं की! स्टँडवर मराठीत विचारलं तर उत्तर मराठीतच मिळण्याचा संभव दांडगा, आणि सोबत आपलं गाव, आडनाव, पाव्हणेरावळे यांची चौकशीही फुकट होते. संध्याकाळी करायचं काय, हा आक्षेप तर मला कळतच नाही. काही करायचं नसतं म्हणूनच सुट्टी घेतात ना? खानावळीत भाकरी मोडावी आणि पडावं.

शेवटचा आक्षेप मात्र वजनदार आहे. हे पटून सगळेच चिकोडीला उतरू लागले, तर वर्षभरात तिथंही एखादा सनसेट पॉइंट निघेल, घोडे येतील, माझा सिद्धांतच बुडेल. पण याचा बंदोबस्त रेल्वेनं कधीच करून ठेवलाय. मिरजेहून बेळगावकडे जाणाऱ्या गाडीतून पर्यटक मोठ्या उत्साहानं चिकोडी रोडला उतरतो, आणि चिकोडी गाठायला त्याला तिथून पुन्हा वाहन शोधावं लागतं.