आधी पंगत, मग मागणी

आमच्या महाड-पोलादपुरात आंदोलन उभं करायची ठरलेली रीत आहे. मागणी काय, ते सावकाश बघता येतं. आधी बघायचं ते बैठक कुठे. देवळाच्या सभामंडपात बोलावली तर एक वाडी पायरीपाशीच घोटाळते आणि 'आम्ही इथेच बरे' म्हणते. बुद्धविहारात बोलावली तर दुसऱ्या वाडीला नेमकी लावणी आठवते, मग महिना फेब्रुवारीचा का असेना. शाळेत घ्यावी तर आदिवासीवाडीला निरोप द्यायचा राहून जातो. तो दरवेळीच राहून जातो. शेवटी बैठक भरते एसटीच्या थांब्यावर. तो कुणाच्याच मालकीचा नाही, आणि त्याला छप्परही नाही.

22 जुलै 2021 रोजी तळीये गावावर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही दरडी कोसळल्या. तेव्हापासून आमच्याकडचा प्रत्येक पुढारी भाषणात 'दरडीला जात नसते' हे वाक्य न चुकता घेतो. खरं आहे. फक्त भाषण संपलं की कुठल्याही गावात कृती समिती बनते, आणि समितीत कोणाला घ्यायचं या मुद्द्यावर दरडीचं उदाहरण कुणी देत नाही. अध्यक्ष मोठ्या भावकीचा, उपाध्यक्ष रुसलेल्या भावकीचा, खजिनदार मुंबई मंडळाचा. बौद्धवाडीतला एक जण 'सदस्य' म्हणून घेतात. त्याच्याकडे काम एकच, 14 एप्रिलला हार आणायचा.

या शास्त्राचं पीठ महाडच. 1927 साली इथे दोन जनआंदोलनं झाली, पुस्तकात मात्र आपण एकच शिकतो. 20 मार्चला बाबासाहेब आंबेडकरांबरोबर हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. ज्या परिषदेसाठी ती आली होती, तिथलं पिण्याचं पाणी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांना विकत घ्यावं लागलं होतं. हे पहिलं आंदोलन.

दुसरं त्याच दुपारी झालं. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि गाव काठ्या घेऊन बाहेर पडलं. पत्रक नाही, वर्गणी नाही, मंडप नाही. तळागाळातली चळवळ म्हणतात ती हीच! परिषदेला आलेल्यांना मारलं, त्यांचं अन्न मातीत घातलं. मग शेण, गोमूत्र, दूध, दही असा मसाला घालून 108 घागरींनी तळं शुद्ध करून घेतलं. महाडच्या पाण्यावर लोकसहभागातून इतकं झटपट काम पुन्हा झालेलं माझ्या ऐकिवात नाही. नगरपालिकाही मागे राहिली नाही. तळं सर्वांना खुलं करणारा 1924 सालचा स्वतःचाच ठराव तिने 4 ऑगस्टला रद्द केला. लोकभावनेची कदर इतक्या वेळेत करणारी नगरपालिका आज शोधून सापडायची नाही.

पण मला काठ्यांपेक्षा रस आहे तो मित्रांच्या पाठिंब्यात. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचं ठरलं, तेव्हा ब्राह्मणेतर चळवळीचे पुढारी केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर पाठिंबा द्यायला तयार होते. अट एकच, बरोबर ब्राह्मण नकोत. संधी बघा केवढी. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरच्या खटल्यात याच मंडळींची वकिली बाबासाहेबांनी आदल्याच वर्षी पुण्यात केली होती आणि त्यांना सोडवून आणलं होतं. म्हणजे संबंध घरचे. गर्दी तयार, शत्रू तयार, घोषणाही तयार. आजचा कुठलाही समिती-अध्यक्ष चहा यायच्या आत बॅनर छापायला टाकून मोकळा झाला असता.

बाबासाहेबांनी अट नाकारली. आपलं भांडण ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसाशी नाही, असं त्यांचं म्हणणं. एवढी हातची गर्दी घालवायची म्हणजे राजकारणात शुद्ध नादारीच. डिसेंबरच्या परिषदेला जागा द्यायला महाडात कुणी हिंदू पुढे येईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. 25 डिसेंबरला मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी. मदतीला सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे होतेच. ही नावं एका पत्रकावर आज छापली, तर मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲपवरून निम्मे सभासद 'लेफ्ट' होतील आणि उरलेले निम्मे विचारतील, यातला आपला कोण?

पंगत मांडायची हौस आमच्याचकडे आहे असं नाही. 3 मार्च 1913 रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनला बायकांनी मताधिकारासाठी प्रचंड मोर्चा काढला. संयोजक बायकांनी इडा वेल्स या काळ्या पत्रकार-कार्यकर्तीला सांगितलं, तुम्ही मागे चाला, नाहीतर दक्षिणेकडच्या भगिनी नाराज होतील. मोर्चा समान हक्काचाच. वेल्सबाई रस्त्याकडेच्या गर्दीत थांबल्या आणि इलिनॉयच्या बायका समोर आल्या तशा सरळ त्यांच्या रांगेत शिरल्या. तिकडे याला वंशभेद म्हणतात. आपल्याकडे तसलं काही नाही. 2001 साली डरबानच्या जागतिक परिषदेत जात म्हणजे वंश नव्हे, हे आपल्या सरकारने ठासून सांगितलं आहे. पायरीपाशी उभ्या असलेल्या वाडीला हे ऐकून केवढं हायसं वाटलं असेल!

मुंबईने तर ही रीत कारखान्यात घालून मोठी केली. साठच्या दशकात 'मार्मिक'ने दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या, 1966 साली शिवसेना निघाली. बेकारी हा विषय अवघड, लुंगी सोपी. 2008 साली लुंगीच्या जागी रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेली उत्तरेकडची पोरं आली. आमचा चाकरमानी मात्र मुंबईत कधी परका नव्हता. गिरणगावात एकेका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपत होते, तरी नव्हता. सुरत-बडोद्याला गेलेलाही परका नाही. त्याला कुणी परका म्हटलंच, तर तो तिथल्या लोकांचा कोतेपणा.

आता ही रीत महाडच्या एमआयडीसीच्या गेटवर आली आहे. मागणी रास्त आहे. ऐंशी टक्के नोकऱ्या स्थानिकांना, हे सरकारचंच जुनं धोरण. पण कंपनीने प्रत्यक्षात किती भरले, हे विचारायला माहिती अधिकाराचा अर्ज लागतो, दहा रुपये लागतात, महिनाभर धीर लागतो. 'भय्या हटाव' म्हणायला नुसता घसा पुरतो. शिवाय त्या धोरणात स्थानिक म्हणजे पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलेला, मराठी येणारा माणूस. बिरवाडीत भाड्याच्या खोलीत पंधरा वर्षं राहून पोरांना मराठी शाळेत घालणारा गोरखपूरचा एखादा मिस्त्री कागदावर भूमिपुत्र निघायचा! ही बातमी अजून गेटपर्यंत पोचलेली नाही.

सभा सकाळी दहाला. भाषणात पीएफ नाही, रिअॅक्टरवर भाजलेल्याची भरपाई नाही, सावित्री नदीत सुटणारं सांडपाणी नाही. असतो तो फक्त भय्या, आणि तो त्या वेळी आत बारा तासांची पाळी भरत असतो. त्याला इथे आणला कंपनीच्या ठेकेदाराने. ठेकेदार कोण? गेटवरच्या बॅनरवर डावीकडून दुसरा, हात जोडलेला. फोटोखाली लिहिलंय, 'भूमिपुत्रांचा बुलंद आवाज'.