कुलूपबंद गाणी

आयपॉडला (टच सोडून) आयट्यून्समध्ये ‘डिस्क’ म्हणून वापरायची मुभा दिली की तो पेनड्राइव्हचेही काम करतो. त्यावर व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरने कूटबद्ध फाइल करावी आणि लांबलचक पासवर्ड द्यावा. डिस्कची मांडणी फॅट32 असेल तर फाइल 4 जीबीच्या आत ठेवावी. तिच्यात ठेवलेली गाणी प्लेअरवर वाजत नाहीत. फाइल उघडायला संगणकच लागतो.

आत ठेवायचे काय, हा धाराशिव जिल्ह्यातला खरा पेच. गुपित म्हणावे तर सातबारा. तो महाभूलेख संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून कोणीही पाहतो. देवीची गाणी म्हणावीत, तर नवरात्रात तुळजापुरात ती भोंग्यावरून फुकट मिळतात, नको असली तरी.

तरीही कुलूप लावायचेच असेल, तर पासवर्ड प्लेअरच्या पाठीवर चिकटवू नये. विसरल्यास तो परत देण्याची सोय व्हेराक्रिप्टकडे नाही, तलाठ्याकडेही नाही.