सरासरीचं बिऱ्हाड

कंपनीचा सर्व्हर बदलायचं ठरलं की आधी पैशांवर चर्चा होते, मग मुहूर्तावर. मुहूर्त हमखास शुक्रवारी रात्रीचा निघतो, कारण सिस्टम सांभाळणाऱ्या पोरांनाही शनिवार-रविवार असतात ही बातमी वरच्या मजल्यापर्यंत अजून पोचलेली नाही. खरी चर्चा होते ती सोमवारी सकाळी. साहेब चहाचा कप हातात घेऊन नव्या स्क्रीनवरचा आलेख बघतात आणि थबकतात.

"अरे, हा रविवारपासूनच का सुरू होतो? मागचं सगळं कुठे गेलं?"

"जुन्या मशीनवर आहे सर."

"मग कॉपी कर की."

"केली सर. उघडत नाहीये."

साहेबांना हे पटत नाही. फाइल कॉपी होते म्हणजे ती उघडलीच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा असते आणि लग्नाच्या फोटोंच्या बाबतीत ती खरीही ठरलेली असते. पण सर्व्हरच्या तब्येतीचे जुने आकडे हे फोटो नव्हेत. त्यांची गोष्ट १९९४ साली इंग्लंडातल्या लेस्टर शहरात सुरू होते. तिथल्या डी माँटफर्ट विद्यापीठात टोबियास ओटिकर नावाचा स्विस तरुण काम करत होता. अख्ख्या जागेला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच ६४ किलोबिटची लाइन होती, आणि ती किती भरली आहे हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं होतं. त्याने त्यासाठी आलेख काढणारा एक प्रोग्रॅम लिहिला, एमआरटीजी. १९९९ मध्ये त्यातूनच आरआरडीटूल निघालं. पुढे कॅक्टी, म्युनिन अशी अनेक साधनं त्याच्या जिवावर उभी राहिली आणि जगभरच्या सर्व्हर-खोल्यांत दर पाच मिनिटांनी नाडी बघणारा वैद्य बसला.

या वैद्याची वही मात्र विलक्षण आहे. ती कधीच जाड होत नाही. पानं ठरलेली, शेवटचं पान भरलं की पुन्हा पहिल्यावर लिहायला घ्यायचं. जुनं पुसलं जातं, पण त्याआधी त्याची सरासरी काढून दुसऱ्या, मोठ्या टप्प्याच्या वहीत टाकली जाते. कॅक्टीच्या जुन्या ठरीव मांडणीत पाच मिनिटांचे आकडे सुमारे दोन दिवस टिकायचे, अर्ध्या तासाची सरासरी सुमारे दोन आठवडे, दोन तासांची दोन महिने आणि अख्ख्या दिवसाची सुमारे दोन वर्षं. घरात डिस्कची चणचण असताना ही काटकसर फार शहाणपणाची होती. आजही ती वाईट नाही. फक्त साहेब जेव्हा 'मागचं सगळं' म्हणतात, तेव्हा त्या सगळ्याचं पिठलं कधीच झालेलं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

बरं, पिठलं तर पिठलं, पण ते नव्या मशीनला का चालू नये? तर आकडा पोटात कसा साठवायचा याबाबत मशीनमशीनची रीत वेगळी. सन कंपनीची जुनी स्पार्क मशीनं आकड्याचा मोठा तुकडा आधी ठेवतात, इंटेलवाली लहान तुकडा आधी. आधी लहान की आधी मोठं, या वादाला डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० च्या आपल्या निबंधात जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या गलिव्हरच्या प्रवासातलं नाव लावलं. तिथे अंडं कुठल्या टोकाने फोडावं यावरून दोन राज्यं लढतात. कोहेन यांनी तारीखही नेमकी निवडली होती.

मराठी माणसाला अंड्यापर्यंत जायची गरज नाही. तो 'पंचवीस' म्हणताना पाच आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. म्हणजे तोंडाने इंटेल आणि हाताने स्पार्क. दोन्ही रीती एकाच देहात गुण्यागोविंदाने नांदत होत्या. मग २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असं वाचायची पद्धत आणली आणि महाराष्ट्रात त्यावरून जो गदारोळ झाला तो सगळ्यांना आठवत असेल. विधानसभेतही कोट्या झाल्या. मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या विसाचं काय करायचं, इथपर्यंत गाडी गेली. पाच आधी की वीस आधी एवढ्यावरून अख्खं अधिवेशन रंगतं, तर बिचारी फाइल उघडत नाही यात नवल काय!

आरआरडीची फाइल निदान प्रामाणिक असते. तिच्या तोंडाशीच एक खुणेचा आकडा कोरलेला असतो : ८.६४२१३५ गुणिले दहाचा १३० वा घात. आठ, सहा, चार, दोन असं उतरायचं आणि एक, तीन, पाच असं चढायचं. गडाच्या दरवाजावर परवलीचा शब्द विचारावा तसा नवा सर्व्हर आधी हा आकडा वाचतो. वाचून भलतंच काही निघालं की तो दार लावून घेतो आणि सांगतो, ही फाइल दुसऱ्या जातीच्या मशीनवर जन्मलेली आहे. दोन्ही मशीनं इंटेलची असून एक ३२ बिटचं आणि दुसरं ६४ बिटचं असलं तरी हाच अनुभव, कारण आतल्या कप्प्यांची मापं जुळत नाहीत.

उपाय सोपा आहे आणि म्हणूनच तो कुणी वेळेवर करत नाही. जुन्या मशीनवरच 'डंप' ही आज्ञा द्यायची. फाइल पोटातलं सगळं साध्या मजकुरात ओकते. तो मजकूर नव्या मशीनवर न्यायचा आणि 'रिस्टोअर' म्हणायचं. मजकुराला जात नसते, त्यामुळे तो कुठेही चालतो. जागा मात्र पुष्कळ खातो, आणि काम चालू असताना पाच मिनिटांच्या नोंदी थांबवाव्या लागतात, नाहीतर शिजतं एका भांड्यात आणि वाढलं जातं दुसऱ्यातून. यात महत्त्वाचा शब्द एकच : जुन्या मशीनवर.

"जुनं मशीन कुठे आहे?"

"भंगारवाल्याला फोन केलाय सर. जिन्याखाली ठेवलंय."

जिन्याखालून, गतवर्षीच्या दिनदर्शिका आणि गणपतीच्या थर्माकोलच्या मखराआडून ते बाहेर काढलं जातं. सुरू करताना पंखा विमानासारखा ओरडतो. पुढच्या तीन रात्री पोरगा हजारो फाइली एकेक करून उतरवतो. नशीब म्हणायचं. मायस्पेस या संकेतस्थळाने सर्व्हर हलवताना जिन्याखाली काही ठेवलं नव्हतं. २०१९ मध्ये त्यांनी कबूल केलं की लोकांनी वर्षानुवर्षं चढवलेली गाणी त्या बदलीत गेली, आणि आकडा पाच कोटींच्या घरात सांगितला गेला.

चौथ्या दिवशी आलेख उभा राहतो, पण त्यात दोन दिवसांचा खड्डा असतो. जुनं बंद आणि नवं चालू व्हायच्या मधला काळ. आरआरडी अशा जागी 'आकडा नाही' अशी खूण ठेवते. शाळेत गैरहजर पोराच्या नावापुढे शून्य लिहीत नाहीत, 'गै' लिहितात, तसंच हे. साहेबांना खड्डा आवडत नाही, कारण हा आलेख पीपीटीत जायचा आहे. पोरगा तिथे शून्य भरतो. आलेख पाताळात जाऊन येतो. मग दोन टोकं सरळ रेघेने जोडली जातात. बंद असलेलं मशीन आता दोन दिवस अगदी शांतपणे, एकसारख्या गतीने काम करताना दिसतं.

"आता मला गेल्या दिवाळीचा तो सेलचा दिवस दाखव. वीस मिनिटं सगळं ठप्प झालं होतं ना?"

त्या दिवसाच्या जागी एक टेकाडसुद्धा नाही. हिशोब करावा. वीस मिनिटं म्हणजे दिवसातल्या २८८ नोंदींपैकी चार. त्या चार वेळा मशीन १०० टक्के आणि बाकी दिवसभर १० टक्के चालत असेल, तर दिवसाची सरासरी सव्वाअकरा टक्के. ज्या वीस मिनिटांत ग्राहकांनी शिव्यांची लाखोली वाहिली, ती इतिहासात सव्वा टक्का होऊन बसलीत. न्यायासाठी सांगायला हवं, की सरासरीच्या जोडीला कमाल आकडा जपायची सोयही आरआरडीत आहे. कॅक्टीत तो असतोही. पण तो आलेख फार खडबडीत दिसतो, म्हणून साहेबांच्या स्क्रीनवर लावलेला नसतो.

सरासरीने काय गिळता येतं याचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आहे. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरून आलेलं प्रचंड वादळ पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रावर आदळलं. कुलाब्याचे निरीक्षक तेव्हा हाताने नोंदी करत होते, आणि काटा बिथरल्यावर त्यांनी त्या काही मिनिटांच्या अंतराने घेतल्या. त्यामुळे सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण कागदावर उतरली. २००३ मध्ये गुरुबक्ष लाखिना, शोभना अलेक्स आणि त्यांच्या अमेरिकी-ब्राझिली सहकाऱ्यांनी त्याच नोंदींवरून त्या वादळाची तीव्रता काढली. पुढे त्याच आकड्यांची तासाची सरासरी काढून पाहिली गेली, तर ती जेमतेम ८५० च्या आसपास भरली. दिवसाची काढली असती तर ती घसरण आणखीच बुटकी दिसली असती.

याच वेधशाळेने पुढे बिऱ्हाडही हलवलं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार अशी चिन्हं दिसली आणि त्या विजेने चुंबकाचे काटे बिघडणार हे उघड होतं. तिचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. १९०४ मध्ये ती सुरू झाली. कुलाब्याची मात्र बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी सोबत नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या काट्याचं आणि नव्या काट्याचं नातं नक्की कळलं. ट्राम १९०७ मध्ये धावली तेव्हा कुलाब्याचा इतिहास सुखरूप अलिबागला पोचला होता.

पोरग्याने ही गोष्ट मीटिंगमध्ये सांगितली. पुढच्या खेपेला दोन वर्षं नको, निदान दोन महिने तरी दोन्ही मशीनं सोबत चालवूया, असं सुचवलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मान डोलावली. मूस यांचं नाव वहीत लिहून घेतलं आणि विचारलं,

"ते सगळं ठीक आहे रे. पण दोन महिने दोन-दोन मशीनांचं वीजबिल कुठल्या खात्यात टाकायचं?"

मीटिंग संपली. जिन्याखालचं मशीन भंगारवाला शनिवारी घेऊन गेला.