अक्षांश एक, कैफियती अनेक

हातात मावणारे जीपीएस यंत्र विकत घेतले म्हणजे सह्याद्रीत वाट चुकण्याचा प्रश्न कायमचा निकालात निघाला, अशा समाधानाने जो गृहस्थ दुकानाची पायरी उतरतो, त्याच्या भटकंतीस खरी सुरुवात तेथूनच होते, आणि तीही डोंगरात नव्हे, घरच्या मेजावर. कारण यंत्र सत्यवचनी असले तरी अत्यंत मितभाषी असते. 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांशी त्याचे संधान असते. त्यांच्याकडून आलेल्या संदेशांतील वेळेचा सूक्ष्म फरक ताडून आपण 19 अंश 23 कलांवर उभे आहोत एवढे ते सांगते. परंतु त्या ठिकाणी पाण्याचे टाके आहे, महादेवाचे देऊळ आहे, की पुढचे पाऊल थेट कोकणात पडणार आहे, याविषयी ते चकार शब्द काढीत नाही. ते सांगण्याचा अधिकार नकाशाचा, आणि नकाशा संगणकावर मांडून, त्यावर वाट आखून, ती यंत्रात उतरवून देण्याचा मक्ता सॉफ्टवेअरचा. पूर्वी अमेरिकन सरकार नागरी वापराच्या संदेशांत हेतुपुरस्सर घोळ मिसळीत असे, त्यामुळे यंत्राचे उत्तर शंभरेक मीटर इकडेतिकडे होई. मे 2000 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या हुकुमाने तो घोळ बंद झाला, आणि तेव्हापासून घोळ घालण्याची संपूर्ण जबाबदारी सॉफ्टवेअरवर येऊन पडली आहे.

या सॉफ्टवेअरच्या निवडीच्या कामी मला दोन सल्लागार लाभले. एक माझा पुतण्या, ज्याच्या मते हा सारा खटाटोपच व्यर्थ होय. “काका, फोन आहे ना? नकाशा आधी उतरवून ठेवा, रेंज नसली तरी चालतं,” असे तो म्हणतो, आणि दुर्दैवाने ते खरेही आहे. मी फक्त एवढेच निदर्शनास आणतो की, त्याचा फोन थंडीत दुसऱ्या दिवशी दुपारी मान टाकतो, आणि माझे यंत्र मात्र डोंगराच्या पायथ्याशी वाण्याकडे मिळणाऱ्या दोन पेन्सिल सेलवर पुन्हा उठून बसते.

दुसरे सल्लागार म्हणजे आमचे रावसाहेब. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून त्यांची हयात गेली. साखळी, झेंड्या आणि मोजणीचा फलक घेऊन त्यांनी इतके बांध धुंडाळले आहेत की, कोणताही नकाशा समोर आला की ते प्रथम त्याची हद्द पाहतात, नंतर प्रमाण पाहतात आणि सरतेशेवटी खाली सही कोणाची आहे ते पाहतात. संगणकाच्या पडद्यावरील नकाशावर सही नसते. या एका मुद्द्यावर त्यांनी आरंभीच सर्व उमेदवारांविषयी प्रतिकूल मत करून घेतले.

पहिला उमेदवार यंत्राबरोबर आलेला, म्हणजे घरचाच. केबल जोडताच त्याने यंत्राला ओळखले, कुशल विचारले, आतील साऱ्या वाटा बाहेर काढून मांडल्या; येथवर त्याचे वर्तन आदर्श होते. मात्र नकाशा आपल्याच घराण्यातला असावा असा त्याचा कटाक्ष होता, आणि त्याच्या पदरी असलेल्या फुकट नकाशात एक राष्ट्रीय महामार्ग आणि दोनचार शहरांची नावे सोडली तर अकोले तालुका हा निष्पर्वत, निर्जल व निर्मनुष्य असा फिकट पिवळा पसारा होता. कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातील 1,646 मीटरचे सर्वोच्च शिखर, तेथे सपाट होते. रावसाहेबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “याचा सातबारा कोरा आहे.”

दुसरा ऑस्ट्रेलियाचा रहिवासी, ओझीएक्सप्लोरर. याचे तत्त्व उदार आहे : नकाशा कोणताही आणा, अगदी कागदाचे छायाचित्र आणा, त्यावरील दोनचार बिंदूंचे अक्षांश-रेखांश मला सांगा, म्हणजे तो कागद मी पृथ्वीवर चपखल बसवून देतो. मजजवळ 1:50,000 प्रमाणाचा, घड्यांवर फाटलेला, भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना कागद होता. त्यावर सही नसली तरी छाप सरकारी असल्यामुळे रावसाहेबांची मुद्रा प्रथमच प्रसन्न झाली. परंतु कागद बसविण्यापूर्वी हा प्रोग्रॅम एक प्रश्न विचारतो, की हे अक्षांश-रेखांश कोणत्या मानकाचे? आणि उत्तरासाठी शंभरावर नावांची यादी पुढे करतो. प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो, पण त्यात दोन शतकांचा इतिहास दडलेला आहे. 1802 साली लॅम्बटन यांनी मद्रासेजवळ पायारेषा मोजून जी महात्रिकोणमितीय मोजणी आरंभिली, तिच्या आधारे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी 1830 साली पृथ्वीचा आकार ठरविला, आणि तो हिंदुस्थानास उत्तम बसतो म्हणून आमचे जुने कागद त्याच आकारावर काढलेले आहेत. उपग्रहांना साऱ्या जगाचा हिशेब ठेवायचा असल्याने त्यांनी 1984 च्या जागतिक मानकाची पृथ्वी पत्करली. दोन्ही पृथ्व्या आपापल्या जागी बिनचूक असूनही आपल्या मुलुखात त्यांचे परस्परांशी शंभर-सव्वाशे मीटरने बिनसते.

सपाट प्रदेशात एवढ्या अंतराने कोणाचे बिघडत नाही, फार तर शेजाऱ्याच्या शेतात उभे असल्याचा दाखला मिळतो. आम्हांस जायचे होते त्या हरिश्चंद्रगडावर प्रकरण निराळे आहे. यादीत चुकीचे नाव निवडले तर तेथे यंत्रातील बिंदू कागदावर वायव्येकडे सरकून पडतो, आणि गडाचा कोकणकडा आहे पश्चिमेला. त्यामुळे कड्यापासून पन्नास पावले अलीकडे शेंगदाणे सोलीत निवांत बसलेला गृहस्थ नकाशावर कड्याच्या बाहेर, पायथ्याच्या बेलपाडा गावाच्या माथ्यावर अधांतरी बसलेला दिसतो. पुतण्याने मुद्दाम तसे नाव निवडून आम्हांस हा चमत्कार दाखविला. “एव्हरेस्टसाहेब चुकणार नाहीत. उपग्रहच सरकले असतील,” असा रावसाहेबांचा निर्णय झाला, आणि त्याविरुद्ध अपील नव्हते. पुढे 2005 च्या नकाशा धोरणानुसार सर्वसामान्यांसाठीचे कागद नव्या मानकावर निघू लागले, हे मी त्यांच्या कानावर अद्याप घातलेले नाही.

तिसरा पुतण्याने आणलेला, फुकटचा. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे 2004 पासून जगभरच्या हौशी मंडळींनी विनावेतन भरलेल्या दप्तराचा, आणि समोच्चरेषा अमेरिकन अंतराळयानाने फेब्रुवारी 2000 मधील 11 दिवसांत रडारने केलेल्या मोजणीच्या. आकाशातून 11 दिवसांत जवळजवळ साऱ्या जगाची मोजणी उरकली हे ऐकून, एकेका गावाला हंगाम घालविणाऱ्या रावसाहेबांना जे दुःख झाले ते वर्णन करण्यासारखे नाही. परंतु या मोजणीचा जो तपशील आमच्या वाट्यास आला, त्यात साधारण 90 मीटरच्या एका चौकोनाला एकच उंची असते, आणि खड्या भिंतींच्या आडोशाने जेथे रडारला काहीच दिसले नाही, तेथे शेजारच्या उंचींवरून अंदाजाने भरणा केलेला असतो. कोकणकडा तर नुसता खडा नाही, तो आतल्या बाजूस वळलेला आहे. अशा कड्याला चौकोनांच्या हिशेबात जागाच नाही. त्यामुळे पडद्यावर त्याचा एक कष्टसाध्य पण सभ्य उतार झाला होता, आणि चढउताराचा आलेख पाहून काठी टेकीत सावकाश खाली उतरावे व बेलपाड्यास चहास पोहोचावे असा मोह कोणासही पडला असता.

वाटा यंत्रात भरतानाचा एक प्रसंग ओझरता सांगतो. माझ्या यंत्राला देवनागरी येत नाही, आणि रोमन लिपीतही ते सहा अक्षरांपलीकडे नाव घेत नाही. परिणामी त्यात हरिश्चंद्रगडाचा नुसता हरीश झाला. पुतण्या आता, “काका, हरीशकडे कधी जायचं?” असे विचारतो.

खरा कलह मात्र गडावरून परत आल्यावर माजला. चाललेल्या वाटेची एकच नोंद तिन्ही प्रोग्रॅमांत उघडली असता एकूण चढाईचे तीन आकडे निघाले, आणि त्यांत शेकडो मीटरांची तफावत. कारण असे की, यंत्राने सांगितलेली उंची स्वस्थ राहत नाही. आपण गुहेच्या तोंडाशी भाकरी खात बसलो असतानाही ती चार मीटर वर, सहा मीटर खाली अशी हेलकावते. एक प्रोग्रॅम प्रत्येक हेलकाव्याची चढाई इमानेइतबारे आपल्या खाती जमा करतो. दुसरा बारीकसारीक चढ किरकोळ म्हणून वजा टाकतो. तिसरा आपल्या यंत्राची साक्ष सर्वस्वी फेटाळून नकाशातील उंची धरतो. सौभाग्यवतींनी हा खुलासा शांतपणे ऐकून घेतला. “बसल्या जागी एवढं चढता येतं, तर मग घरीच बसायचं होतंत,” एवढेच त्या म्हणाल्या.

अखेरीस मी दोन प्रोग्रॅम ठेवले. जाताना वाट आखण्यासाठी ओझीएक्सप्लोरर आणि तो फाटका सरकारी कागद, कारण त्यावर कड्याला कडा म्हटलेले आहे. आणि परतल्यावर चढाईचा आकडा काढण्यासाठी तो पहिला, उदार जमाखर्चाचा, कारण साठी उलटलेल्या माणसाने काटकसर कोठे करावी यालाही मर्यादा आहे. रावसाहेबांना ही व्यवस्था मान्य नाही. त्यांनी आपल्या वहीत तिन्ही आकड्यांचे तीन रकाने आखले आहेत आणि चौथ्या रकान्यात “तकरार प्रलंबित” असा शेरा मारून, तारीख घालून, खाली सही केली आहे.