स्टेशन आलं, स्थळ अडलं

अहो वहिनी, जरा कुंपणाशी या की. भांडी राहू देत घटकाभर. कोपऱ्यावरच्या काकींच्या धाकट्याचं जमत आलं होतं ना? अडलंय. आणि कशावरून म्हणाल, तर मेट्रोवरून!

मुलगा इथेच कासारवडवलीच्या जी-कॉर्प टेक पार्कात नोकरीला. गळ्यात पट्टा अडकवतो आणि चालत ऑफिस गाठतो. मुलगी डोंबिवलीची, आयटीतलीच, तिचं ऑफिस हिरानंदानी इस्टेटला. काकींनी पोह्यांबरोबर मेट्रोच वाढली म्हणे. ‘कासारवडवली स्टेशन अगदी दारात, विजय गार्डन गेलं की डोंगरीपाडा, आलंच सुनेचं ऑफिस!’ घटस्थापनेला चाचणीची गाडी धावली ना, गायमुख ते विजय गार्डन, मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्र्यांना घेऊन? तिचा व्हिडिओसुद्धा पाहुण्यांपुढे धरला.

मुलगी पक्की निघाली. एवढंच विचारलं, ‘ही ठाणे स्टेशनला जाते का?’

सगळ्यांची तोंडं बंद. खोटं काय बोलली ती? वडाळ्याहून निघायचं, घाटकोपर, मुलुंड, तीन हात नाका, कॅडबरी, माजिवडा, कापूरबावडी करत आपल्या घोडबंदर रस्त्याला लागायचं, सगळी ३२ किलोमीटरची मेट्रो ४, पण रेल्वेच्या ठाण्याला शिवत नाही. म्हणजे माहेरी जायचं तर मध्येच उतरून पुन्हा रिक्षावाल्याच्या विनवण्या. काकी लगेच म्हणाल्या, ५ नंबरची मेट्रो आहे की! आहे हो, पण ती कापूरबावडीहून भिवंडी दाखवत कल्याणला जाणार. डोंबिवलीच्या पोरीने काय भिवंडीमार्गे माहेरपण करायचं?

ठाणे स्टेशनला जाईल ती गोल फिरणारी, २९ किलोमीटरची. केंद्राने २०२४ला मंजूर केलीय. ती होईतो हिच्या पोरांची लग्नं निघतील. उगाच नाही म्हणत मी. आपल्या ४ नंबरचं भूमिपूजन डिसेंबर २०१६मध्ये झालं, तेव्हा हा नवरदेव कॉलेजात होता. आता कपाळ मागे सरकलंय त्याचं. १८५३ला आगगाडी ठाण्यापर्यंत आली ती आली, घोडबंदरला रूळ दिसायला पावणेदोनशे वर्षं गेली म्हणा ना.

आणि मला सांगा, दोन स्टेशनांसाठी एवढे जिने चढायचे-उतरायचे, त्यापेक्षा शेअर रिक्षा काय वाईट? तरी मेट्रो हवीच, बाई. संध्याकाळी ऑफिसं सुटताना पाहिलंत? ओळखपत्र शर्टाच्या खिशात कोंबलेलं, लॅपटॉपची बॅग पोटाशी, एक पाय दुभाजकावर, आणि समोरून गुजरातकडे निघालेले कंटेनर एकामागून एक. दहा मिनिटं उभी असतात ती पोरं तशीच, खांबाच्या आडोशाला. एक पुढे झाला की सगळे त्याच्या मागे पळतात. वर गाडी सुरू झाली की निदान आडवा रस्ता तरी वरूनच पार होईल.

पण खरी मजा पुढेच आहे. बिल्डरांनी म्हणे गाडीची वाट पाहिलीच नाही. खांब उभे राहिले तेव्हाच जाहिरातीत ‘मेट्रो दोन मिनिटांवर’ छापून मोकळे! आणि आपल्या गावठाणातलेही काही कमी नाहीत हो. पलीकडच्या आळीत पत्र्याच्या खोलीचं भाडं वाढवलं. का, तर खिडकीतून स्टेशन दिसतं. दिसतं म्हणजे काय, स्टेशनचा जिना आडवा आल्यामुळे दुसरं काही दिसतच नाही!

हो, तर त्या मुलीचं. तिने साफ नकार नाही दिलेला. म्हणाली, वर्षभर इथे वेगळं राहून बघू, येण्याजाण्याचं जमलं तर पुढचं. काकींना ‘वेगळं’ शब्दानेच घेरी आली, पण पोरगा तयार आहे. दोघांना एक खोली-स्वयंपाकघर पुरे. म्हणून म्हटलं विचारावं, तुमचा वरचा भाडेकरू दिवाळीनंतर जातोय ना?

किती?! वहिनी, अहो, तुमच्याकडून तर स्टेशन दिसतसुद्धा नाही!